सल्ला, सोय आणि सोबत: पंचगंगेच्या खोऱ्यातील कृषिविस्ताराची कहाणी

कोल्हापूर सोडून पुण्याच्या वाटेला लागले, की पंचगंगेचा पूल ओलांडताच पुलाची शिरोली येते आणि गावाला लागूनच शिरोली एमआयडीसी. हातकणंगले तालुक्यातल्या या औद्योगिक वसाहतीत फौंड्रीच्या भट्ट्या तापलेल्या असतात आणि कारखान्यांच्या कुंपणाला टेकून ऊस उभा असतो. परगावच्या माणसाला वाटते, शेती मागे सरली आणि तिच्या जागी उद्योग आला. कोल्हापूरचा इतिहास वेगळे सांगतो. आज ट्रॅक्टर, ट्रक आणि मोटारींचे ओतीव भाग देशभर पाठवणाऱ्या इथल्या ओतकामाने हात बसवला तो शेतकऱ्याच्या कामावर. उसाचा चरक, नदीचे पाणी उपसायचे ऑइल इंजिन, पंप आणि त्यांचे सुटे भाग हा या धंद्याचा पहिला आधार होता.

पण शेतकऱ्याला नवे अवजार, नवे बेणे, नवे खत हवेसे वाटले कसे? बापजाद्यांची रीत मोडून त्याने पहिल्यांदा कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवला? या प्रश्नाचे उत्तर शोधत गेले, की एक लांबलचक साखळी हाती लागते. तीत संस्थानिक आहेत, नांगर विकत हिंडणारा कारखानदार आहे, सायकलवरचा ग्रामसेवक आहे, साखर कारखान्याचा चिटबॉय आहे, कृषी सहाय्यक आहे आणि कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर बसलेला दुकानदारही आहे. सरकारी भाषेत या सगळ्या व्यवहाराला कृषिविस्तार म्हणतात.

दुष्काळातून जन्मलेले खाते

१८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खन उजाड केले. त्यानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८८० साली अहवाल दिला आणि प्रत्येक प्रांतात शेतीचे स्वतंत्र खाते असावे अशी शिफारस केली. खाती निघाली, पण त्यांचा सुरुवातीचा बराच वेळ आकडेवारी आणि जमीनमहसुलाच्या कामात गेला. पुण्यात १८७९ पासून कॉलेज ऑफ सायन्समध्ये शेतीचे वर्ग भरत. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुण्याचे कृषी महाविद्यालय स्वतंत्रपणे उभे राहिले आणि डॉ. हॅरॉल्ड मान यांच्यासारखा प्राचार्य त्याला लाभला. मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावातले एकेक कुटुंब, एकेक तुकडा आणि एकेक कर्ज तपासून शेतकऱ्याच्या दारिद्र्याचा हिशेब मांडला.

त्याच्याही आधी, १८८९ मध्ये, डॉ. जॉन व्होल्कर नावाचे रसायनतज्ज्ञ इंग्लंडहून हिंदुस्थानची शेती पाहायला आले होते. अडाणी रयतेला शिकवायचे कसे, हे ते सांगतील अशी सरकारची अपेक्षा असावी. देशभर हिंडून त्यांनी निष्कर्ष काढला, की इथला चांगला शेतकरी ब्रिटनच्या सरासरी शेतकऱ्यापेक्षा कमी नाही, काही बाबतींत सरसच आहे. त्याला कमी पडतात ती साधने: पाणी, खत, भांडवल. हा अहवाल १८९३ मध्ये छापला गेला. पुढच्या शंभर वर्षांत आखलेल्या अनेक योजना व्होल्करांचे हे म्हणणे विसरून आखल्या गेल्या आणि तिथेच त्या अडल्या.

संस्थानी सुरुवात

१८९४ मध्ये शाहू महाराजांच्या हाती कोल्हापूर संस्थानचा कारभार आला. दोन वर्षांत दुष्काळ पडला आणि पाठोपाठ प्लेग. शेतकऱ्याला नुसता उपदेश करून भागत नाही, हे या राजाला फार लवकर उमगले. १८९५ मध्ये वसवलेली शाहूपुरी गुळाची मोठी बाजारपेठ झाली. १९०८ मध्ये राधानगरी वसली आणि भोगावतीवर धरणाचे काम हाती घेतले गेले. पैशाअभावी आणि महायुद्धामुळे ते रेंगाळले, पूर्ण व्हायला १९५७ साल उजाडले. पण पंचगंगेच्या पात्रात उन्हाळ्यात पाणी खेळले ते या धरणामुळेच. १९१२ च्या सुमारास कोल्हापुरात किंग एडवर्ड ॲग्रिकल्चरल इन्स्टिट्यूट निघाली. नवी अवजारे शेतकऱ्याला दाखवावीत, वापरायला शिकवावीत आणि गरजूला ती घेता यावीत म्हणून मदत करावी, असा तिचा हेतू होता. बाजार, पाणी आणि शिक्षण ही तिन्ही कामे एकाच डोक्यातून एका वेळी चालली होती, हे या काळाचे वैशिष्ट्य.

याच सुमारास लोखंडी नांगराची गोष्ट घडली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात पहिला लोखंडी नांगर बनवला. तो खपेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी ठाम समजूत होती. ती हसण्यावारी नेणे सोपे आहे. पण शेतकऱ्याच्या इतर शंका व्यवहाराच्या होत्या. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देई आणि मोडला तर तिथल्या तिथे दुरुस्त करी. लोखंडी नांगराचा फाळ झिजला तर जायचे कुठे? जड नांगराला बैल किती लागतील? रोख पैसा आणायचा कुठून? पहिले मोजके नांगर विकायला लक्ष्मणरावांना दोन वर्षे लागली. त्यांनी नांगर शेतकऱ्यांच्या रानात चालवून दाखवले, झिजणारे भाग बदलता येतील असे केले आणि कुंदा-हरळीने भरलेल्या जमिनीत नांगराचा तास किती खोल जातो, हे लोकांना डोळ्यांनी पाहू दिले. मग मागणी वाढली. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा किर्लोस्करांना दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. या भागातला पहिला यशस्वी कृषी सल्लागार शोधायचा तर लक्ष्मणरावांचेच नाव घ्यावे लागेल. त्यांच्याजवळ सरकारी हुद्दा नव्हता, पण त्यांचा सल्ला वस्तूसकट येत होता आणि वस्तू बिघडली तर दुरुस्तीही मिळत होती.

लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालचा शाही कृषी आयोग १९२६ मध्ये नेमला गेला. त्याच्या १९२८ च्या अहवालातून पुढे अखिल भारतीय पातळीवरची संशोधन परिषद जन्मली. १९३२ मध्ये पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. कोइमतूरला तयार झालेला को ४१९ हा ऊस दख्खनच्या मळ्यांत आला आणि जुना पुंड्या ऊस मागे पडत गेला. कोल्हापुरात १९३९ मध्ये तात्यासाहेब मोहिते यांच्या पुढाकाराने शेतकरी सहकारी संघ स्थापन झाला. संघाचे 'बैल' छापाचे खत खरे, अशी खात्री पुढे गावोगाव झाली. संशोधन पाडेगावला झाले, तरी माल कोल्हापूरच्या संघातून मिळत होता, म्हणून त्याचा प्रसार झाला.

ग्रामसेवक आला

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. देशात धान्याची टंचाई होती आणि 'अधिक धान्य पिकवा' मोहीम फारशी यशस्वी झाली नव्हती. तिची चौकशी करणाऱ्या समितीने १९५२ मध्ये दोष नेमका दाखवला: प्रत्येक खात्याचा माणूस वेगळा, शेतकऱ्याशी कायम नाते असलेला माणूस एकही नाही. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास कार्यक्रम आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेला राष्ट्रीय विस्तार सेवा सुरू झाली. साधारण शंभर गावांचा एक गट, त्यात दहा ग्रामसेवक, म्हणजे एकाच्या वाट्याला सुमारे दहा गावे. हा साचा उत्तर प्रदेशातल्या इटावा इथे १९४८ मध्ये आल्बर्ट मेयर यांनी केलेल्या प्रयोगातून आला होता.

ग्रामसेवक शेतीचा जाणकार असे. पण त्याला विहिरीत औषध टाकणे, शाळेला खोली बांधून घेणे, देवी काढून घ्यायला लोकांना तयार करणे हेही करावे लागे. गावात वाड्यावर बसायचे की वस्तीवर जायचे, हा त्याचा पहिला पेच. पाटलाने बोलावले नाही तर गाव ऐकत नाही. पाटलाकडेच बसले तर लहान शेतकरी जवळ येत नाही. त्याच्यासाठी गावच्या भाषेत बोलायला शिकणे हे अर्धे प्रशिक्षण होते. भुदरगड तालुक्यात गारगोटीला १९५२ मध्ये जे. पी. नाईक यांच्या पुढाकाराने मौनी विद्यापीठ उभे राहिले, तेही याच काळात. खेड्यासाठी शिकलेली माणसे खेड्यातच तयार व्हावीत, ही त्यामागची दृष्टी.

या पिढीची सर्वांत गाजलेली मोहीम म्हणजे जपानी भातशेती. मुंबईत बोरिवलीच्या कोरा केंद्रात तिचे प्रयोग झाले आणि १९५३ पासून देशभर प्रचार झाला. राधानगरी, गगनबावडा, पन्हाळा या भातपट्ट्यात तिला अर्थातच महत्त्व आले. रोपे सपाट वाफ्याऐवजी गादीवाफ्यावर टाकायची. बियाणे कमी वापरायचे, पण मिठाच्या पाण्यात घालून वर तरंगलेले पोचट काढून टाकायचे. चिखलात दोरी ताणून ओळीत लावणी करायची, चुडात थोडीच रोपे धरायची, मग ओळींतून कोळपणी करायची आणि अमोनियम सल्फेटची मात्रा द्यायची. ओळीत लावायला बायांना वेळ जास्त लागे, म्हणून मजुरी वाढे. दोरी धरायला दोन माणसे अडकत. पावसाने उघडीप दिली नाही तर ओळ बघायला सवड कोणाला? गावांनी यातून स्वतःची निवड केली. गादीवाफा आणि सल्फेट घेतले, दोरी बऱ्याच जणांनी सोडून दिली. प्रगतिपुस्तकात अशा निवडीला अपयश म्हणत. खरे तर हा शेतकऱ्याने केलेला हिशेब होता.

रेडिओभोवतीची वीस माणसे

१९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल महिन्यांत पंचगंगेच्या खोऱ्यातल्या काही गावांचा एका जागतिक प्रयोगात सहभाग झाला. युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकरी रेडिओ मंडळे स्थापन केली. कल्पना कॅनडाची. तिथे १९४१ पासून शेतकरी रेडिओभोवती जमून चर्चा करत होते.

इथे मंडळात साधारण वीस माणसे. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम. दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम. रेडिओ थांबला की खरे काम सुरू होई. निमंत्रक विषय पुन्हा मांडी, लोक वाद घालत, कोणी म्हणे हे आपल्या काळ्या रानात चालायचे नाही, कोणी म्हणे करून बघू. प्रश्न लिहून पुण्याला पाठवले जात आणि त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमात येत. आपल्या गावाने विचारलेला प्रश्न रेडिओवर ऐकणे ही त्या काळात केवढी तरी मोठी गोष्ट होती.

प्रयोगाची तपासणी टाटा समाजविज्ञान संस्थेने केली आणि ती पॉल न्यूराथ यांच्याकडे सोपवली होती. मंडळ असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे यांची त्यांनी तुलना केली. निष्कर्ष स्पष्ट होता. मंडळ असलेल्या गावांत लोकांचे ज्ञान ठळकपणे वाढले; नुसता रेडिओ असलेल्या गावांत त्या मानाने फारच थोडे. माहिती कानावर पडून शेतकरी बदलत नाही, चारचौघांत तिची उलटतपासणी झाली की बदलतो. जे. सी. माथुर आणि न्यूराथ यांनी लिहिलेला हा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला आणि तो जगभर वाचला गेला. त्याच वर्षापासून देशभर मंडळे काढायचे ठरले. मात्र आकडा वाढला तशी चर्चा पातळ झाली. बिघडलेले संच दुरुस्त करायला आणि मंडळाच्या पत्राला उत्तर द्यायला माणसे अपुरी पडू लागली.

इंजिन, बंधारा आणि कारखाना

याच दशकात कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनांचा धंदा फोफावला. म्हादबा मिस्त्रींसारख्या, शाळा फारशी न शिकलेल्या कारागिरांनी परदेशी इंजिने उघडून पाहिली आणि तशी घडवली. नदीत पाणी होते, काठाला काळी जमीन होती, मधे उभी दरड होती. इंजिनाने ती दरड ओलांडली. पावसाळा सरला की नदीत बरगे घालून पाणी अडवायचे आणि पुराआधी ते काढून घ्यायचे, या कोल्हापुरी बंधाऱ्यांनी पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकवले. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सहकारी पाणीपुरवठा संस्था काढल्या. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे शिरोलीची वसाहत उभी राहिली आणि या ओतकामाला जागा मिळाली.

पाण्यापाठोपाठ कारखाने आले. इचलकरंजीला रत्नाप्पाण्णा कुंभारांच्या नेतृत्वाखाली पंचगंगा, वारणानगरला तात्यासाहेब कोऱ्यांच्या नेतृत्वाखाली वारणा. सहकारी साखर कारखान्याने कृषिविस्ताराचा नवाच नमुना दिला. कारखान्याचा शेती विभाग असतो, गटागटावर शेती अधिकारी असतो आणि गावात चिटबॉय. चिटबॉय लावणीची नोंद घेतो, तोडीची पाळी लावतो. त्याच्या वहीत शेतकऱ्याचे नाव असते, म्हणून त्याने सांगितलेले सहसा मोडले जात नाही. बेणे, खत, कर्ज आणि खरेदी सगळे एकाच छपराखाली. को ७४० ऊस, म्हणजे शेतकऱ्यांचा 'सातशे चाळीस', या वाटेनेच शिवारात पसरला. १९६३ मध्ये कोल्हापूरला कृषी महाविद्यालय निघाले, त्याच वर्षी गोकुळ दूध संघ आणि सांगलीचे आकाशवाणी केंद्र. १९६८ मध्ये राहुरीच्या विद्यापीठाचा पाया घातला गेला आणि कोल्हापूरचे ऊस व गूळ संशोधन केंद्र पुढे त्याच्या छत्राखाली आले. गुऱ्हाळातल्या चुलवाणाला जळण कमी कसे लागेल, भेंडीच्या रसाने मळी कशी काढावी, ढेप पावसाळ्यात पाझरू नये म्हणून काय करावे, हे तिथले अभ्यासाचे विषय होते. कित्येक बाबतींत तिथल्या शास्त्रज्ञांचा गुरू काहिलीपाशी उभा असलेला गुळव्याच होता.

१९६५ मध्ये मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी पुण्यात शनिवारवाड्यासमोर जाहीर केले, की दोन वर्षांत राज्य धान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर आपल्याला फाशी द्या. सीएसएच-१ या संकरित ज्वारीची मोहीम गावोगाव निघाली. पीक दुपटीने येई, पण कापणीच्या वेळी पाऊस लागला की कणीस काळे पडे, आणि भाकरीला चव नाही ही तक्रार घरोघर होती. शेतकऱ्याने तोडगा काढला: हायब्रीड बाजाराला, देशी घराला.

पंधरवड्याचे वेळापत्रक

१९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामसेवकाच्या अंगावर ग्रामपंचायतीचे दप्तर वाढत गेले. शेतीसाठी त्याच्याकडे वेळ उरेना. जागतिक बँकेचे डॅनियल बेनॉर यांनी यावर प्रशिक्षण व भेट ही कडक शिस्तीची पद्धत सुचवली. महाराष्ट्रात ती १९८१ च्या सुमारास आली. कृषी सहाय्यकाकडे शेतीखेरीज दुसरे काम नाही. त्याच्या हद्दीचे आठ भाग. ठरलेल्या वारी, ठरलेल्या भागात, पंधरा दिवसांनी पुन्हा तिथेच. प्रत्येक भागात काही संपर्क शेतकरी. त्यांनी करायचे आणि इतरांनी पाहायचे. पंधरवड्यातून एकदा सहाय्यकाचे स्वतःचे प्रशिक्षण, तिथे विद्यापीठाचा शास्त्रज्ञ पुढच्या पंधरवड्याचे संदेश देणार.

पद्धतीने एक मोठे काम केले: शास्त्रज्ञ आणि शेतकरी यांच्यातले अंतर कमी केले. शिवारातली कीड आठवड्याभरात विद्यापीठापर्यंत पोचू लागली. पण संदेश वरून येत आणि बहुतेक सर्वांना सारखेच. नदीकाठच्या उसाला आणि माळावरच्या भुईमुगाला एकच पंधरवडा कसा लागू पडायचा? संपर्क शेतकरी म्हणून बहुधा मोठा बागायतदारच निवडला जाई. त्याच्या शेतात जे पिकले ते शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्याला परवडत नसे. जागतिक बँकेचे कर्ज संपले तशी शिस्तही ढिली पडली. १ जुलै १९९८ रोजी राज्याने मृदसंधारण, फलोत्पादन आणि विस्तार ही सगळी कामे एका खिडकीत आणली. शेतकऱ्याला दारोदार हिंडावे लागणार नव्हते. पण त्या खिडकीत बसणारा बहुतेक एकटा कृषी सहाय्यकच होता.

लोकरी माव्याचा धडा

२००२ च्या पावसाळ्यात सांगली भागात उसाच्या पानांखाली पांढरा कापूस दिसू लागला. लोकरी मावा. काही महिन्यांत तो कोल्हापूरसह पश्चिम महाराष्ट्रभर पसरला. वरच्या पानांवरचा मावा साखरेचा चिकट स्राव खालच्या पानांवर टाकी, त्यावर काळी बुरशी चढे आणि रान काजळी धरल्यासारखे दिसे. घाबरलेला शेतकरी पंप पाठीला लावून निघाला. पण दहा फुटी उसात शिरून पानाखाली फवारायचे कसे? शास्त्रज्ञ, कारखाने आणि कृषी खाते यांनी या वेळी एका आवाजात अवघड सल्ला दिला: सरसकट फवारू नका. डिफा आणि मायक्रोमस हे मावा खाणारे मित्रकीटक आहेत, ते वाढू द्या. कारखान्यांनी मित्रकीटकांची पाने एका शिवारातून काढून दुसऱ्या शिवारात बांधायची व्यवस्था केली. भित्तिपत्रकांवर शत्रू कोणता आणि मित्र कोणता, हे मोठ्या चित्रांत दाखवले. दोन-तीन हंगामांत मावा आटोक्यात आला. काही करू नका असा सल्ला पटवायला सर्वांत जास्त विश्वास लागतो. तो इथे होता, कारण सांगणारा माणूस पुढच्या तोडणीलाही गावातच असणार होता.

देशभरचे चित्र मात्र वेगळे होते. २००३ मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीने शेतकरी कुटुंबांना विचारले, की शेतीची नवी माहिती तुम्ही कुठून घेता? सुमारे ४० टक्के कुटुंबांनाच ती कुठून तरी मिळत होती. सर्वाधिक लोक प्रगतिशील शेतकऱ्यांकडून शिकत, त्याखालोखाल खते-औषधे विकणारा दुकानदार. सरकारी विस्तार कर्मचाऱ्याचे नाव घेणारे सहा टक्केही नव्हते. दुकानदाराला नावे ठेवणे सोपे आहे. पण तो सकाळी आठला उघडतो, उधार देतो आणि पानावरचा डाग बघून लगेच बाटली काढतो. औषध खपवण्यात त्याचा फायदा आहे, हे शेतकऱ्याला कळत नाही असे नाही. दुसरे कोणी जवळ नसते, म्हणून तो तिथे जातो. याच जाणिवेतून हैदराबादच्या मॅनेज या कृषिविस्तार संस्थेने दुकानदारांसाठी पदविका सुरू केली. २००४ मध्ये किसान कॉल सेंटर आले, २००५ मध्ये 'ॲग्रोवन' हे शेतीचे दैनिक निघाले आणि आत्मा ही कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली. कोल्हापूर जिल्ह्यात तळसंदे आणि कणेरी इथे कृषी विज्ञान केंद्रे उभी राहिली.

जे विचारले गेले नाही

या शंभर वर्षांची जमेची बाजू मोठी आहे. तशी नावेची बाजूही आहे. विस्ताराने 'जास्त पिकवा' हे नीट सांगितले, 'कुठे थांबा' हे सांगायला उशीर केला. पाणी मोफतासारखे मिळू लागले तेव्हा शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांतल्या काळ्या जमिनी पाण्याने फुगल्या आणि मीठ वर आले. ज्या रानात आडसालीचा ऊस डोक्यावर जाई, तिथे पांढरी खपली धरली आणि लव्हाळा माजला. शिरोळच्या दत्त कारखान्याच्या पुढाकाराने सच्छिद्र पाइप जमिनीत पुरून निचरा करायचे काम सुरू झाले आणि शेतकऱ्यांनी एकत्र येऊन पडीक रान पुन्हा लागवडीखाली आणले. कोल्हापूरच्याच प्रताप चिपळूणकरांनी स्वतःच्या शेतात नांगरणी बंद करून जमिनीतला सेंद्रिय अंश कसा वाढतो, हे दाखवले. ज्या भागात लोखंडी नांगर खपवायला दोन वर्षे लागली, तिथेच आता नांगर ठेवून द्या म्हणणारा शेतकरी लोकांना पटवत फिरतो.

दुसरी उणीव बायांची. लावण, भांगलण, जनावरांचे शेणपाणी त्यांच्या अंगावर. सल्ला मात्र घरधन्याला. विकास गटात ग्रामसेविका होती, पण तिच्याकडे शिवण आणि पाककृती सोपवल्या गेल्या. दुधाच्या धंद्यात बाई संस्थेची सभासद झाली, तेव्हा कुठे शेतीखात्याला तिची ओळख पटू लागली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा शिरोलीजवळच्या महामार्गावर आली आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक अनेक दिवस बंद पडली. पाणी ओसरल्यावर कृषी सहाय्यक, तलाठी आणि ग्रामसेवक चिखलातून पंचनामे करत हिंडले. कुजलेला ऊस मोजायचा, शेतकऱ्याची सही घ्यायची, अर्ज पोर्टलवर चढवायचा. २०२१ मध्ये पुन्हा तेच. बुडीत रानात पुढच्या वर्षी कोणती जात लावावी, शेंडा कुजलेला ऊस ठेवावा की काढावा, हे प्रश्न होतेच. पण ते विचारायचे ज्याला, तो फॉर्म भरत होता. आता कृषी सहाय्यकाचे पदनाम सहायक कृषी अधिकारी झाले आहे. कामाची यादी अजून तशीच लांब आहे.

पंचगंगेच्या खोऱ्यात जे सल्ले रुजले, त्यांत एक गोष्ट समान दिसते. सल्ल्याबरोबर वस्तू होती, बाजार होता आणि चूक निघाली तर जाब विचारायला माणूस होता. किर्लोस्करांचा नांगर, संघाचे खत, कारखान्याचे बेणे, माव्यावरचे मित्रकीटक, सगळ्यांची हीच कथा. जिथे सल्ला नुसता कागदावर किंवा लक्ष्यांकात आला, तिथे शेतकऱ्याने तो नम्रपणे ऐकला आणि बाजूला ठेवला. मोबाइलवर येणाऱ्या संदेशांनी ही कसोटी बदललेली नाही. राज्याला विस्तार खरोखर सुधारायचा असेल, तर नवे ॲप काढण्याआधी कृषी सहाय्यकाच्या हातातले पंचनामे आणि पोर्टलचे काम कमी करावे आणि त्याला पंधरवड्यातले निदान चार दिवस बांधावर उभे राहू द्यावे. एवढे झाले, तरी बाकीचे काय ते शेतकरी स्वतः विचारून घेईल.